बोराटी लावलेली वाट

दर वर्षी चार महिने एक वाट बंद ठेवणं हे माझं काम होतं. हे सांगितलं की लोक हसतात. नागपूरचा माझा मावसभाऊ म्हणायचा, "रस्ते बंद करतो म्हणजे तू मंत्री झाला का बे?" मंत्री कशाचा! भिलाईच्या टाउनशिपमध्ये बागखात्यात साधा सुपरवायझर होतो. पण पावसाळ्यात त्या वाटेपुरती माझी ऐट मंत्र्यापेक्षा कमी नव्हती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तेव्हा छत्तीसगढ वेगळं झालं नव्हतं, आम्ही मध्यप्रदेशात होतो. म्हणजे क्वार्टर तेच, झाडं तीच, फक्त राजधानी भोपाळ. सेक्टर ६ मध्ये आमचं क्वार्टर अन् क्वार्टरांच्या मागं मोठी बाग. बागेतला तलाव खणला तेव्हा निघालेली माती एका अंगाला टाकत गेले, तिची टेकडी झाली. त्या टेकडीच्या खांद्यावरून, निलगिरीच्या झाडांतून एक कच्ची वाट पलीकडच्या मोठ्या रोडला निघायची. तो रोड सरळ पोलाद कारखान्याच्या, आमच्या भाषेत प्लांटच्या, गेटला. सायकलवाल्याची पंधरा मिनिटं वाचायची.

ही वाट कोणी आखली नव्हती. बाग नव्हती, तलाव नव्हता, नुसतं माळरान होतं तेव्हापासून माझे बाबा अन् त्यांच्यासारखे शेकडो लोक तिथून पाळीला जात. सायकलींनीच ती पाडली, अन् टेकडी झाली तेव्हा तिच्यावरूनही नेली. बाबा भंडाऱ्याकडच्या एका धानाच्या गावातून आलेले, कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर, कामगार. नकाशात बाग नंतर आली, वाट आधीची. बाबा म्हणायचे, "आमी गेलो अन् मांगून वाट झाली." त्यात बढाई नव्हती, जसं झालं तसं ते सांगायचे.

मला ती वाट आठवते ती नेहमी पहाटेचीच. तलावावर धुकं पसरलेलं असायचं. एकीकडून दिवस फटफटायचा अन् दुसरीकडून, प्लांटकडून, आभाळ नारिंगी व्हायचं, कारण तिकडं लोखंडाची तापलेली मळी ओतत. दोन्ही उजेड एकमेकांत मिसळले की कुठली सकाळ खरी ते कळायचं नाही. आधी घंट्या ऐकू यायच्या, मग धुक्यातून सायकली निघायच्या, हँडलला डबे लटकवलेल्या. कोणी बोलायचं नाही. लहानपणी मागच्या आंगणात उभा राहून मी पाहायचो, अन् वाटायचं हे लोक पाण्यावरूनच चालले आहेत. त्यातले बाबा कोणते हे मला कधी ओळखता आलं नाही, पण मी हात हलवायचो.

मी नोकरीला लागलो तोवर त्या वाटेची पार वाट लागली होती. नव्वदीच्या आसपास साहेब लोकांच्या पोरांकडं त्या नवीन सायकली आल्या, जाड टायरच्या, सरळ हँडलच्या. पोरं टेकडीवरून धाडधाड उतरायची, झाडांच्या मुळांवरून उड्या मारायची. आधी एक वाट होती, तिच्या दहा झाल्या. उन्हाळ्यात चाललं. पावसाळ्यात मात्र माती चिखल झाली की चाकांच्या चऱ्या पडत, त्या चऱ्यांतून पाणी धावे अन् टेकडी थोडी थोडी तलावात जाऊन बसे. एका साली तर टेकडीचा एक अख्खा खांदा वाहून गेला, निलगिरीची दोन झाडं उघडी पडली. साहेबांनी मला बोलावलं अन् म्हणाले, पावसाळ्यात बंद, पूर्ण बंद. पाहा तुम्ही.

मी पाहिलं. बापरे, किती पाहिलं!

माझ्यासोबत एक म्हातारा माळी होता, बोरसीकडचा, छत्तीसगढी. त्याला सगळे कका म्हणायचे, म्हणजे काका. वाट केव्हा बंद करायची अन् केव्हा उघडायची हे त्याच्या टाचेवर ठरायचं. मी कॅलेंडर घेऊन बसलो होतो, तर कका हसला. त्यानं चप्पल काढली, वाटेच्या मधोमध टाच रोवली, जरा दाबून धरली अन् उचलली. टाचेच्या खड्ड्यात पाणी झिरपून आलं. "पानी धरत हे," तो म्हणाला. माती पाणी धरते आहे तोवर चाक नाही. खड्डा कोरडा राहिला की खुशाल जा. दसऱ्याच्या आसपास केव्हातरी तो दिवस यायचा. मी पुस्तकं वाचून पास झालेला माणूस, पण दर आठवड्याला त्याच्यामागं पँट वर करून फिरायचो अन् तो टाच रोवायचा तिथं वाकून पाहायचो.

वाटेला तीन तोंडं होती. तिन्ही तोंडांवर आम्ही आडवे बांबू बांधायचो अन् बांबूंवर बोराटी टाकायचो. बोराटी म्हणजे बोरीचे काटेरी फाटे. आमच्या विदर्भात वावराचं कुंपण त्याचंच करतात. बांबू कोणीही ओलांडतो, बोराटीला मात्र माणूस अन् बैल दोघंही सारखेच घाबरतात. वर पाटी, "वर्षा के कारण मार्ग बंद है". ती पाटी मी स्वतः रंगवली होती. अक्षर चांगलं आलं होतं.

लोकांनी शिव्या दिल्या नसत्या तर नवल. पोरांनी पाटीवर चिखल मारला. पहिल्या पाळीचे लोक बोराटीपाशी येऊन थांबत, माझ्याकडं पाहत अन् सायकल वळवत. एकानं तर तोंडावर म्हटलं, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, यांची तर कुंपणातच!" मराठी माणूसच होता, म्हणून जास्त झोंबलं. मी कोणालाच सोडलं नाही. साहेबांचा पोरगा आला, त्यालाही परत लावलं. युनियनचा माणूस आला, त्यालाही. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, असं माझ्याकडं नाही म्हणजे नाही, हे मी चहाच्या टपरीवर उभा राहून सांगायचो.

बाबांनी एका शब्दानं विचारलं नाही. मी वाट बंद केली त्या पहिल्या पावसाळ्यापासून ते पंधरा मिनिटं आधी उठायला लागले अन् बागेला वळसा घालून रोडनं जायला लागले, बस. त्यांचे दोस्त घरी येऊन मला ऐकवून ऐकवून म्हणत, "लेकानं बापाचीच वाट अडवली!" बाबा हसायचे अन् बशीतला चहा फुंकायचे. मी समजायचो, त्यांना काही वाटत नाही. पोरं असंच समजतात.

मग बाबांचं रिटायरमेंट आलं. त्यांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. आजीनं एवढंच सांगितलं होतं की पोळ्याच्या दिवशी झाला, बैल सजवून उभे होते अन् घरात हा रडला. भरतीच्या वेळी बाबूनं पोळा कुठं येतो हे विचारून ऑगस्ट लिहून टाकला. अठ्ठावन्न वर्षं भरली अन् ऑगस्टचा शेवटचा दिवस हा बाबांच्या नोकरीचा शेवटचा दिवस ठरला. त्या साली पाऊस जोरात होता, ऑगस्टभर झड लागून राहिली होती. बोराटी जिथल्या तिथं होती अन् टाचेचा खड्डा क्षणात भरत होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा आंगणात सायकल उलटी करून चेनला तेल देत बसले होते. मी बाजेवर पडून पेपर वाचत होतो. त्यांनी चाक फिरवलं, थांबवलं, परत फिरवलं. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "उद्या फर्स्ट शिफ्ट हाये. लास्टची."

"हो ना."

"तिकडून जाऊ काय? बागेतून. एकच खेप."

उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. हे मला आता दिसतं. तेव्हा मला काय दिसलं, तर माझी रंगवलेली पाटी.

"बाबा, एकाले सोडलं का सगळे येतात," मी म्हटलं. "तुमचाच पोरगा अन् तुमालेच वेगळा नियम, असं झालं तं उद्या मले कोण विचारते? किती मेहनत करून राहिलो मी त्या वाटेवर!"

आत पोळ्या लाटत असलेली आई तिथूनच ओरडली, "एक दिवसानं काय आभाळ कोसळते का रे?"

"तू नको बोलू मधात," मी तिच्यावर खेकसलो.

बाबा म्हणाले, "बरोबर हाये त्याचं." अन् सायकल सरळ करून त्यांनी भिंतीला लावली. चिंधीनं हात पुसले. जेवताना मला जास्तीची पोळी वाढायला त्यांनीच आईला सांगितलं. राग त्यांना आला नाही, अन् तो आला असता तर मला बरं झालं असतं.

सकाळी मला साडेचारलाच जाग आली. बाबांचं "एकच खेप" कानातून जात नव्हतं. बाबा मोरीत तोंड धूत होते. मी काही न बोलता छत्री घेतली अन् मागच्या दारानं बागेत गेलो. पाऊस थांबला होता, पण हवेतच इतकं पाणी होतं की छत्री उघडली काय अन् नाही काय. प्लांटकडचं आभाळ नारिंगी होऊन परत काळं झालं. क्वार्टरांकडच्या तोंडावर मी बांबूच्या दोऱ्या सोडायला लागलो. ओल्या गाठी, सुटता सुटेनात. बोराटीनं हात फाडला.

कका नर्सरीजवळच्या खोलीत राहायचा. डोक्यावर खुमरी, म्हणजे बांबूची रुंद टोपी, घालून तो आला अन् पाहत उभा राहिला. "का करथस साहेब?" काय करताय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, आज बाबांची शेवटची पाळी. ककानं हातातल्या विळ्यानं दोऱ्या कापल्या अन् बोराटी ओढून बाजूला केली. मग पलीकडच्या रोडकडच्या तोंडावर जाऊन तेही मोकळं केलं.

मी उभा राहिलो. एवढं मोठं मनासारखं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. बाबा येतील, बागेजवळच्या वळणावर नेहमीच्या सवयीनं रोडकडं हँडल वळवतील, मग मी हाक मारीन, अन् ते थांबून पाहतील. काय म्हणायचं तेही मी ठरवलं होतं. धुक्यात घंट्या वाजल्या.

आले ते दुसरेच. "अरे, खुल गया क्या?" एक म्हणाला. "खुल गया, खुल गया!" मागचा ओरडला. मी हात आडवे केले, "नहीं, नहीं, बंद है," असं ओरडलो. पण समोर वाट उघडी, बाजूला बोराटी पडलेली अन् मध्ये छत्री घेतलेला मी. पाळीच्या घाईतल्या माणसांनी माझं का ऐकावं? पाच गेले, दहा गेले, मग मोजणं सोडून दिलं. उतारावर एक जण घसरून आडवा झाला, त्याचा डबा उघडून भात चिखलात सांडला, अन् तो उठून मलाच शिव्या देऊन गेला. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत होतो. बाबा त्यात नव्हते.

त्यांना सांगितलंच नव्हतं ना मी! घरातून निघताना एक वाक्य बोललो असतो, "बाबा, बागेतून या," तर काय जीभ झडली असती? पण आमच्या घरात बाप-लेक असं बोलत नसत. ते वळणापर्यंतही आले नव्हते. घराजवळच्या नळाच्या चौकातूनच रोडला लागले होते, पोराचा नियम मोडू नये म्हणून.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. सहाचा भोंगा झाला तेव्हा वाट नव्हतीच, नुसता चिखलाचा काला होता. हात-हात खोल चऱ्या पडल्या होत्या अन् वरून परत पाऊस सुरू झाला. चऱ्यांतून लाल पाणी तलावाकडं धावताना मी पाहिलं. मग आम्ही दोघांनी बांबू परत बांधले. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

दुपारी अडीचला बाबांना त्यांच्या शॉपची, म्हणजे खात्याची, माणसं मिरवत घरी घेऊन आली. बाबांच्या गळ्यात झेंडूचे हार, केसांत गुलाल, सायकलच्या हँडललाही हार. भिंतीवरचं एक घड्याळ भेट मिळालेलं. आईनं ओवाळलं. घर माणसांनी भरलं, मी पेढे वाटत होतो. बाबांचा फोरमन, बिहारकडचा उंच माणूस, मोठ्यानं म्हणाला, "आज पूरी शिफ्ट में एक ही बात सुनाई इन्होंने. मेरा लड़का अपने बाप को भी नहीं छोड़ता! पूछा तो मना कर दिया! ऐसे बता रहे थे जैसे लड़का कलेक्टर हो गया."

सगळे हसले. बाबा खाली मान घालून हसत होते, कानापर्यंत लाल झालेले. मी कधीच त्यांना इतकं खुश पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधला एक जण म्हणाला, "लेकिन आज तो खुला था! हम तो वहीं से गए. ये खुद खड़े थे छाता लेके." अन् त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

माझ्या हातात पेढ्यांचा डबा होता. बाबांनी वर पाहिलं. त्यांना सगळं कळायला एक क्षण पुरला. ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, अन् ते पाहणं मी अजून विसरलो नाही. मग ते फोरमनला म्हणाले, "और एक पेड़ा लो ना साहब." विषय तिथंच राहिला. संध्याकाळीही राहिला, जेवतानाही राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तर बाबा घरात नव्हते. सायकल भिंतीला होती. आई घाबरली. "भुलले का काय, ड्यूटीवर गेले असतील," ती म्हणाली. मी रोडवर पाहिलं, चौकात पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, बागेकडं वळलो.

बाबा टेकडीच्या उतारावर होते. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात ककाचं फावडं. कका घमेल्यानं मुरूम आणून टाकत होता अन् बाबा चऱ्या भरत होते. कोक ओव्हनचे हात ते, कितीतरी वर्षं आगीपुढं काम केलेले. सरळ, न थांबता चालले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"कावून उघडलं?" त्यांनी विचारलं. फावडं थांबलं नाही.

"तुमच्यासाठी."

"मंग सांगायचं नाई का?"

"तुमी येसान असं वाटलं."

"अन् मले वाटलं, रोडनं गेलो तं पोराचा शब्द राहीन." त्यांनी फावडं मातीत उभं केलं. "दोघं बी येडे आपण."

मला रडू आलं. एवढ्या वयाचा घोडा, चिखलात उभा राहून रडलो. ककानं मुरूम आणायला पाठ फिरवली ती बराच वेळ फिरवून ठेवली. बाबा म्हणाले, "रडून चऱ्या भरते काय? दुरमुस घे." मी दुरमुस घेतला अन् त्यांनी भरलेली माती ठोकत त्यांच्यामागून खाली उतरत गेलो.

पूर्ण सप्टेंबर ते येत राहिले. पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, चहा प्यायचे अन् बागेत यायचे. आडव्या चरी खणल्या, पाणी बाजूला काढून दिलं, घसरणीच्या जागी दगड बसवले. खात्याच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव कुठंच नव्हतं. माळी लोक त्यांना बाबूजी म्हणायला लागले. त्या महिन्यात बाबा माझ्याशी जितकं बोलले तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलले नसतील. कोक ओव्हनचं दार उघडल्यावर तोंडावर येणारी धग कशी असते, पहिल्या वर्षी ते किती भ्यायचे, पाळी सुटल्यावर याच वाटेच्या कडेला बसून गावाच्या आठवणीनं कसे एकटे रडले होते. मी ऐकत होतो. कधी धुक्यात ते दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा.

दसऱ्याच्या चार दिवस आधी ककानं टाच रोवली अन् उचलली. आम्ही तिघं वाकलो. खड्डा कोरडा होता. दुसऱ्या पहाटे आम्ही बोराटी काढली. मी लोकांना जरा थांबवून धरलं अन् म्हटलं, "बाबा, पहिले तुमी."

बाबा तयार होऊन आले होते. अंगात पाळीचाच खाकी शर्ट, इस्त्री केलेला. सवयीनं आईकडून डबाही भरून घेतला होता का काय, हँडलला तो लटकत होता. ते सायकलवर बसले अन् निघाले. मी टेकडीवर चढून पाहत राहिलो. धुक्यात ते उतरले, निलगिरीतून गेले, आपणच बसवलेल्या दगडांवरून अलगद पार झाले. या वेळी मला ते ओळखू येत होते. मागून पहिल्या पाळीची रांग सुटली, घंट्या वाजवत.

पलीकडच्या तोंडाशी, जिथून प्लांटचा रोड लागतो, तिथं बाबा थांबले. एक पाय जमिनीवर टेकला. मागचे एकेक करून त्यांच्या बाजूनं निघून गेले, काहींनी हात केला. गेटपास बाबांनी ऑगस्टमध्येच जमा केला होता. मी टेकडी उतरून धावत तिथवर गेलो. सगळे गेले होते. सहाचा भोंगा झाला.

"वाट मस्त झाली रे," बाबा म्हणाले. "पण हे सायकल तिकडंच वळते."

ही वाट त्यांना द्यायचा दिवस एकच होता अन् तो माझ्या हातून गेला होता.

"घरी जाऊ ना बाबा," मी म्हटलं.

"जाऊ. थांब जरा." त्यांची नजर रोडवर होती, शेवटची सायकल दिसेनाशी झाली तिथं. मी त्यांच्या सायकलचं कॅरिअर धरून उभा राहिलो. मग त्यांनीच हँडल घराकडं वळवलं.